पूर्ण मिनिट

रात्रपाळी साडेसातला संपली.
चार्ज दिला, हात धुतले, पुन्हा एकदा धुतले,
बाहेर आले तर एल्विरा गेटपाशी उभी,
हातात इडल्यांची गरम पुडी.
"घरी नको जाऊस. चल."
कुठे, हे विचारण्याइतकी मी जागी नव्हते.

वर्सोव्याच्या धक्क्यावर होडी भरत होती.
आधी मोटारसायकली, मग बर्फाच्या लाद्या,
मग एक बकरी, कुणाचीच नसल्यासारखी,
मग आम्ही.
खाडी ओलांडायला पाच मिनिटंही लागली नाहीत.
"बेटावर चाललोय ना गं," मी म्हटलं.
"मग राहतेस कुठे?
सात बेटं भराव टाकून शिवली,
टाके बुजले म्हणून विसरलात."
नर्सच ती. टाके तिला दिसतातच.

पुढे रिक्षा, मग पायवाट,
मग तिच्या मावशीच्या अंगणातून,
जिथे वलांडीवर बोंबील टांगलेले,
जबड्यात जबडा अडकवून, दोन-दोन.
मावशीने कोण, कुठली, काही विचारलं नाही.
"भरती साडेआकराला हाय," एवढंच.

आणि मग ती वाळू.

फार नाही. या टोकाला काळे खडक,
त्या टोकाला काळे खडक,
मध्ये आमच्या वॉर्डाएवढी लांबी.
मोजली नाही मी. पण एका बाजूला वीस कॉट
बसतील हे पायांना आपोआप कळतं.
पाटी नाही, भेळ नाही, फोटो काढणारं कुणी नाही.
एक उलटी होडी, तिच्या सावलीत कुत्रं,
आणि खेकड्यांनी सकाळपासून वळून ठेवलेल्या
वाळूच्या बारीक बारीक गोळ्या,
हजारो,
कुणाच्याच नावाच्या नाहीत.

इथे शांत आहे, एल्विरा म्हणाली, आणि आडवी झाली.
माझ्या कानात अजून मॉनिटर वाजत होता.
अकरा नंबरचे आजोबा.
पहाटे चारला त्यांनी विचारलं होतं,
"बाहेर उजाडलं का हो सिस्टर?"
खिडकीकडे न बघताच मी हो म्हटलं.
खरं उजाडलं तेव्हा
मी त्यांच्या कागदावर वेळ लिहीत होते.

पर्समधून घड्याळ काढलं. सवय.
पंधरा सेकंदांत लाटा दोन.
गुणिले चार, आठ.
पुन्हा मोजल्या तर तीन.
पहिल्या वर्षाला शिकवतात:
ठोका अनियमित असेल तर पूर्ण मिनिट मोजावं,
घाई करू नये.
मोजलं पूर्ण मिनिट.
सात.
आणि एक अशी, जी निघाली खरी
पण वाटेतच वाळूत जिरली;
ती धरावी की नाही कळेना.

पेनाने तळहातावर लिहिलं: ९.४०, सात.
पुढे नाव, वय, कॉट नंबर.
पुढे मी काही लिहिलं नाही.

किती वेळ मग नुसती बसले होते.
कधीतरी लक्षात आलं,
मॉनिटर थांबला होता, म्हणजे कानातला,
आणि मी धावत गेले नव्हते.

पाणी वितीवितीने वर येत होतं, गोळ्या पुसत.
मी एल्विराच्या चपला वर नेऊन ठेवल्या.
मग तिची बॅग.
मग इडलीचा कागद, त्यावर दगड.
तिला मात्र हलवलं नाही.
तोंड उघडं टाकून झोपली होती,
आठ तास दुसऱ्यांच्या झोपेवर पहारा दिलेली बाई.

एक लाट तिच्या टाचेपर्यंत पोचली.
ती उठली नाही, फक्त पाय पोटाशी घेतले,
आणि झोपेतच पुटपुटली,
"उजाडलं काय?"

"नाही अजून," मी म्हटलं. "झोप."

ऊन चांगलं डोक्यावर आलेलं.
होडीखालच्या कुत्र्याने एक डोळा उघडून
माझ्याकडे पाहिलं.